अरण्याचे स्वर : विसावा की विद्या ?

पाहणे आणि ऐकणे यांत आपल्या लोकांनी पाहण्यालाच नेहमी वरचे आसन दिले आहे. डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, असे वडीलधारी माणसे सांगत आली. डोळ्यांनी पाहिले ते खरे आणि कानांवर आले ते ऐकीव, असा आपला व्यवहार. अरण्यात मात्र हा न्याय उलटा लागतो. दाट झाडीत पाखरू क्वचितच दृष्टीस पडते. त्याचा स्वर मात्र पहाट फुटण्याच्या आधीपासून कानी येत असतो. म्हणून रानात वावरणारा मनुष्य आधी ऐकतो आणि मग पाहतो.

आफ्रिका खंडातील राने, गवताळ माळ आणि नदीकाठ यांचे हे स्वर यंत्राने टिपून जगभर ऐकविण्याची सोय आज झालेली आहे. केनयातील पहाट किंवा काँगोच्या अरण्यातील रात्र आता खिशातल्या यंत्रातून घरबसल्या ऐकता येते. परंतु असे ध्वनी बहुधा ‘मनःशांतीसाठी’, ‘गाढ निद्रेसाठी’, ‘अभ्यासातील एकाग्रतेसाठी’ अशा शीर्षकांखाली लोकांपुढे येतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीही काही जण ते लावून अभ्यासाला बसतात. या स्वरांचा उपयोग एवढाच काय, असा प्रश्न आम्हांला पडतो, आणि त्याचे उत्तर आम्ही ‘नाही’ असेच देऊ.

प्रथम दुसऱ्या पक्षाची बाजू न्यायाने मांडली पाहिजे. निसर्गातील ध्वनींनी मनास विसावा मिळतो ही केवळ कविकल्पना नव्हे. याविषयी पूर्वी झालेल्या अनेक प्रयोगांचे फलित एकत्र करून पाहणारा एक शास्त्रीय निबंध २०२१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पाण्याच्या आवाजाने मनाची प्रसन्नता विशेष वाढते आणि पक्ष्यांच्या स्वरांनी मनावरील ताण व त्रासिकपणा विशेष कमी होतो, असे त्यात आढळून आले. गजबजलेल्या शहरात राहणाऱ्या, रात्री झोप न येणाऱ्या माणसाने आफ्रिकेतल्या पाखरांचा आधार घेतला तर त्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. आमचे म्हणणे एवढेच की, जे स्वर आपणांस निजविण्यासाठी उपयोगी पडतात ते मुळात कोणासही निजविण्यासाठी उच्चारलेले नसतात. ती बोलणी असतात. त्यांत हद्दीचे तंटे असतात, जोडीदाराला घातलेली साद असते, धोक्याची सूचना असते, कधी कधी शुद्ध लबाडीही असते. आणि हे सारे आपणांस कळले ते ध्वनिमुद्रणामुळेच.

या विद्येचा आरंभ एका बालकाच्या हातून झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांस आवडेल. जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे १८८१ साली जन्मलेल्या लुडविग कॉख याने १८८९ मध्ये, वयाच्या आठव्या वर्षी, एडिसनच्या फोनोग्राफवर मेणाच्या नळकांडीत पिंजऱ्यातील एका पाखराचा स्वर टिपला. पक्ष्याच्या आवाजाचे ते पहिले ज्ञात मुद्रण मानतात. ते पाखरू होते शामा, ज्याची शीळ आपल्या सह्याद्रीच्या झाडीत आजही ऐकू येते. पुढे यंत्रे सुधारली आणि माणसे ती घेऊन रानात शिरली. केनयात प्रशासकीय अधिकारी असलेल्या माइल्स नॉर्थ या इंग्रज गृहस्थाने टिपलेल्या आफ्रिकन पक्ष्यांच्या स्वरांची तबकडी १९५८ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठामार्फत निघाली. क्लोद शापुई या फ्रेंच अभ्यासकाने उत्तर, पश्चिम व मध्य आफ्रिकेतील पक्ष्यांचे स्वर २००० साली पंधरा तबकड्यांत एकत्र आणले. एकेका माणसाच्या उभ्या आयुष्याची ही कमाई आहे.

अशा मुद्रणातून काय कळते, त्याचा एक मासला पाहा. पूर्व आफ्रिकेत बूबू नावाचा, आपल्या खाटीक पक्ष्याच्या नात्यातला, काळापांढरा पक्षी आहे. त्याची घंटेसारखी तान एकाच कंठातून निघते असे ऐकणाऱ्यास वाटते. वास्तविक नर अर्धी तान घेतो आणि मादी ती पुरी करते. दोघांत पडणारे अंतर सेकंदाच्या लहानशा अंशाइतकेच असते. केंब्रिजचे प्राध्यापक थॉर्प यांनी नॉर्थ यांच्यासह या जोडगाण्याचा अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध केला. जोडीदार जवळ नसेल तर उरलेला एकटाच दोघांचे स्वर म्हणू शकतो, असेही त्यांना दिसले. हे जोडगाणे निजताना ऐकणाऱ्याला गोड लागते. पण त्यात दोन जीव एकमेकांचा ठावठिकाणा घेत आहेत, हे कळल्यावर त्याचा गोडवा कमी होतो काय? आम्हांला तर तो वाढलेला वाटतो.

दुसरा मासला आपल्या अगदी जवळचा आहे. दक्षिण आफ्रिकेत पावसाळ्याच्या तोंडाशी तांबड्या छातीचा एक कोकिळ येतो आणि उतरत्या तीन स्वरांत अखंड ओरडू लागतो. तेथील आफ्रिकान्स भाषेत त्या हाकेवरूनच त्याला ‘पीट-माय-फ्राऊ’ असे नाव पडले. झुलू लोक त्याला ‘उफेझुकोमखोनो’ म्हणतात. कुदळ खांद्यावर टाका, शेताला लागा, असा अर्थ ते त्या हाकेतून काढतात. आपला पावशा मृगाच्या आधी ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असे सांगतो, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. सागराच्या दोन तीरांवरील शेतकऱ्यांनी, एकमेकांस न पाहता, दोन निरनिराळ्या कोकिळांच्या मुखी एकच निरोप घातला! आता हाच स्वर कोणी ‘आफ्रिकन जंगल, झोपेसाठी’ एवढ्याच नावाने ऐकवू लागला, तर काय हरवते ते पाहा. शेत हरवते, पाऊस हरवतो आणि त्या हाकेला नाव देणारा माणूसही हरवतो.

लबाडीचा उल्लेख वर आला, त्याचा खुलासा करतो. कलहारीच्या ओसाड प्रदेशात आपल्या कोतवालाचा एक भाऊबंद राहतो. इतर पाखरे व मुंगसासारखे मीरकॅट नावाचे प्राणी भक्ष्य खणून काढीत असता हा वर बसून पाहत राहतो. ससाणा वगैरे आला की तो खरी सूचनाही देतो. मात्र कधी कधी काहीही आलेले नसताना धोक्याची आरोळी ठोकतो, आणि बिचारे पळाले की त्यांचे भक्ष्य उचलून पसार होतो. त्याची एक आरोळी लोकांच्या अंगवळणी पडली तर तो दुसऱ्याच पक्ष्याच्या आरोळीची नक्कल करतो. टॉम फ्लॉवर या संशोधकाने हे सर्व आवाज टिपून व ते पुन्हा वाजवून ही चोरी २०१४ साली सिद्ध केली. कोतवालानेच चोरी करावी, हे आमच्या विद्यार्थ्यांस मोठे गमतीचे वाटेल.

परंतु सर्वांत विलक्षण कथा मधवाट्या पक्ष्याची होय. सोळाव्या शतकाच्या अखेरीस जुआंव दुस सांतुस नावाचे पोर्तुगीज धर्मगुरू मोझांबिकच्या किनाऱ्यावर सोफाला येथे होते. प्रार्थनामंदिरातील मेणबत्त्यांचे मेण लहान पाखरे येऊन टोचून खातात, हे त्यांनी पाहिले आणि हीच पाखरे माणसांना मधाच्या पोळ्यापर्यंत वाट दाखवितात हेही लिहून ठेवले. त्यांचा ग्रंथ १६०९ साली छापला गेला आणि पुढे १६२२ साली त्यांचे देहावसान आपल्या गोव्यातच झाले. पाखरू माणसाला पोळे दाखविते, माणूस धूर करून मधमाश्या हटवितो व मध घेतो, आणि उरलेले मेण पाखराला मिळते, असा हा सौदा आहे. केनयाचे संशोधक हुसेन आयझॅक व त्यांचे सहकारी राइअर यांनी १९८९ साली दाखवून दिले की, बोरान लोकांना अनोळखी मुलखात एक पोळे शोधण्यास सरासरी ८.९ तास लागत. पाखरू वाटाड्या असले तर ३.२ तासांतच काम होई.

येथे ध्वनिमुद्रणाने एक मौजेची उलटापालट केली. मोझांबिकमधील याओ लोक पाखराला बोलाविताना ‘ब्र्र्र-हम्म’ अशी हाक देतात. क्लेअर स्पॉटिसवुड व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचीच ही हाक मुद्रित करून रानात वाजविली आणि पाखराचे वर्तन पाहिले. इतर आवाज वाजविले तेव्हा पोळे दाखविले जाण्याचा संभव शेकडा १६ होता. ही हाक वाजविली तेव्हा तो शेकडा ५४ झाला. हा निबंध २०१६ सालचा. टांझानियातील हाद्झा लोक त्याच पाखराला शीळ घालून बोलावितात. जेथली हाक तेथल्याच पाखराला अधिक समजते, हे २०२३ साली दिसून आले. म्हणजे रान नुसते बोलत नाही, ते आपले ऐकतेही. आणि ही दोघांची भाषा आहे, त्यामुळे एकाने बोलणे टाकले की ती दुसऱ्याच्या तोंडूनही जाते. जेथे माणसांनी मधासाठी रानात जाणे सोडले, तेथे पाखरूही वाट दाखविणे सोडून देते, असे अभ्यासक सांगतात. या विषयात पणाला काय लागले आहे, ते यावरून ध्यानात यावे.

जे कानांना मुळीच ऐकू येत नाही तेही यंत्राने ऐकता येते. हत्ती एकमेकांशी इतक्या खर्जात बोलतात की मनुष्याला त्यातले बरेचसे ऐकूच येत नाही. देवमाशांच्या गीतांचा अभ्यास केलेल्या केटी पेन यांना १९८४ साली एका प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ उभे असता हवेत कंप जाणवला. मुद्रण करून ते वेगाने वाजविले तेव्हा हत्तींचे बोलणे उघड झाले. पुढे नामिबियातील प्रयोगांत दोन किलोमीटरांवरील हाकही हत्ती ओळखतात असे आढळले. आज उत्तर काँगोच्या नुआबाले-न्दोकी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात झाडांवर टांगलेले मुद्रक रात्रंदिवस कान देऊन असतात. दाट अरण्यात हत्ती दिसत नाहीत. म्हणून आवाजावरून त्यांचा अंदाज घेतला जातो, आणि चोरट्या शिकाऱ्यांच्या बंदुकीचा बारही त्याच मुद्रणात सापडतो. ज्या ध्वनींवर शहरातला माणूस झोपी जातो, त्यांच्यात दुसरा कोणी बंदुकीचा आवाज शोधीत जागा असतो.

हे काम किती कष्टाचे आहे, याची कल्पना आपणांस नसते. मुद्रण करणारा पहाटेच्या अंधारात, वारा उठण्याच्या आधी, रानात जाऊन बसतो. दूरचा स्वर पकडण्यासाठी परातीसारखी खोलगट तबकडी वापरतात. तिच्यावर आपटलेला ध्वनी एका बिंदूत गोळा होतो आणि तेथे मायक्रोफोन असतो. पाऊल हलविले तरी पाचोळा वाजतो, म्हणून श्वाससुद्धा जपून घ्यावा लागतो. शेवटी तो स्वतःच्या आवाजात स्थळ, तारीख, वेळ, हवामान आणि पाखराचे नाव सांगतो. हे चार शब्द नसतील तर ते मुद्रण म्हणजे पत्ता नसलेले पत्र होय. बर्नी क्राउझ या अमेरिकन ध्वनिमुद्रकाला १९८३ साली केनयातील मसाई मारा येथे असे वाटले की, रानातल्या प्रत्येक जीवाने आवाजात आपली निराळी जागा राखली आहे. पंगतीत प्रत्येकाचे पान ठरलेले असावे तशी. एक पान रिकामे झाले तर जाणत्या कानाला ते कळते. परंतु गाव आणि तारीख नसेल तर कोठले पान, केव्हा रिकामे झाले, हे कोण सांगणार?

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. पहिली ही की, आफ्रिकेचे स्वर ऐकविणाऱ्याने स्थळ, काळ व पाखराचे नाव द्यावे आणि ऐकणाऱ्याने ते मागावे. आफ्रिका म्हणजे एक जंगल नव्हे. तीत चोपन्न स्वतंत्र देश आहेत. दुसरी ही की, शास्त्रीय नावाबरोबर तेथील लोकांनी दिलेले नावही जपावे. आम्ही घरी कोंकणी बोलतो व शाळेत मराठी शिकवितो. घरचा कोगूळ आणि पुस्तकातला कोकिळ एकच, तरी कोगूळ म्हटल्यावर जे आठवते ते कोकिळ म्हटल्याने आठवत नाही. झुलू मुलालाही त्याच्या नावाचे तसेच असणार. तिसरी ही की, टिपलेला स्वर रानात पुन्हा वाजवून पाखराला हौसेखातर फसवू नये. आपल्या हद्दीत कोणी शिरले असे समजून ते चारा टाकून, पिले टाकून, नसलेल्या शत्रूशी भांडावयास येते. अभ्यासकाने विचारपूर्वक केलेला प्रयोग निराळा आणि छायाचित्रासाठी केलेली छळणूक निराळी.

यावर कोणी म्हणेल, नावगाव, तारीख यांची कटकट लावून रसभंग का करावा? डोळे मिटून ऐकण्यातच सुख नाही काय? सुख आहेच. पण गाणे ऐकताना राग ओळखणाऱ्याचा आनंद न ओळखणाऱ्यापेक्षा कमी असतो, असे अद्याप कोणा रसिकाने म्हटलेले आम्ही ऐकले नाही. विसावा आणि विद्या यांचे वैर नाही. मात्र विद्येला अगदीच रजा देऊन घेतलेला विसावा ही निव्वळ झोप असते, आणि झोपेत आपण जे ऐकतो ते नष्ट झाले तरी आपणांस कळत नाही.

विद्यार्थिमित्रांनो, आपणांस एवढेच सुचवावेसे वाटते. पुढल्या वेळी आफ्रिकेतील पाखरांचे स्वर लावाल तेव्हा पुस्तक मिटून पाच मिनिटे नुसते ऐका. त्यात किती निरनिराळे आवाज आहेत ते मोजा; कोणता वारंवार येतो, कोणाला कोण उत्तर देतो, ते वहीत टिपा. मग ते कोठे, केव्हा, कोणी टिपले त्याचा शोध घ्या. सापडले नाही तर ते सोडून नावगाव असलेले दुसरे निवडा. तशी सहस्रावधी मुद्रणे आज विनामूल्य उपलब्ध आहेत. पालकांनीही मुलांबरोबर बसून ऐकावे, आणि पावशाची हाक त्यांना ठाऊक असेल तर ती या वेळी मुलांना अवश्य सांगावी.