फी इंटरनॅशनल शाळेची, गणित मात्र ट्यूशनवाल्याचे

"सर, एवढी फी भरतो, तरी गणिताला वेगळी ट्यूशन कशाला?" हा प्रश्न आम्हा शिक्षकांना हल्ली पालक सारखा विचारतात. मुंब्रा, कुर्ला, पुण्याचे कोंढवा इथल्या मुस्लिम घरांतली बरीच मुले आता इंटरनॅशनल शाळेत जातात. कुणाचे अब्बू आखातात असतात, कुणाचा छोटा धंदा असतो, कुठे आई-वडील दोघेही नोकरीला. शाळेची फी कशीबशी बसवलेली असते. मग आठवी-नववीत गणित अडते आणि ट्यूशनचा खर्च सुरू होतो. ताशी हजार रुपये धरले आणि आठवड्याला तीन तास, तर महिन्याला बारा हजार झाले. आमच्या कितीतरी घरांचे भाडे एवढे असते.

ट्यूशन काही फक्त आपल्याच घरांत नाही. केंद्र सरकारच्या २०२५ च्या शिक्षणविषयक सर्वेक्षणात देशातले सुमारे २७ टक्के विद्यार्थी खासगी शिकवणी घेत असल्याचे दिसले. शहरांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर आहे. पण एसएससीच्या मुलाची ट्यूशन आणि केंब्रिजच्या मुलाची ट्यूशन यांत फरक आहे. पालक तिथेच फसतात.

सगळ्यात आधी एक गोष्ट. फाटकावर 'इंटरनॅशनल' लिहिले म्हणजे बोर्ड इंटरनॅशनल झाले असे नाही. अशा नावाच्या कितीतरी शाळा सीबीएसईच्या किंवा राज्य मंडळाच्या आहेत. तिथल्या मुलाला आयजीसीएसईच्या नावाने महागडी शिकवणी लावणे म्हणजे पैसे पाण्यात. शाळेला संलग्नता कोणाची आहे, ते कागदावर बघून घ्यावे.

शाळा खरोखर केंब्रिजची असेल तर पुढचा मुद्दा फार महत्त्वाचा, आणि तो पालकांना बहुधा उशिरा कळतो. आयजीसीएसईच्या गणिताचे (विषय क्रमांक ०५८०) दोन स्तर आहेत, कोअर आणि एक्स्टेंडेड. कोअरचा पेपर देणाऱ्या मुलाने सगळे बरोबर सोडवले तरी त्याला 'सी'च्या वर ग्रेड मिळत नाही. 'ए' किंवा 'बी' हवा असेल तर एक्स्टेंडेडच द्यावे लागते. मूल कोणत्या स्तरावर बसणार हे शाळेत ठरते, कधी एखाद्या चाचणीच्या जोरावर. घरी मात्र अम्मी-अब्बूंना वाटत असते की मुलगा इंजिनिअर होणार! आम्ही अशी घरे पाहिली आहेत जिथे दोन वर्षे ट्यूशन चालली, पण मूल कोअरमध्ये आहे हे कुणी विचारलेच नाही. शिकवणारा कितीही हुशार असो, त्या पेपरात त्याला 'सी'च्या पुढे काही करता येत नाही.

दुसरा बदल ताजा आहे. २०२५ पासून या विषयात एक पूर्ण पेपर कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचा आहे. पूर्वी सगळे पेपर कॅल्क्युलेटर घेऊन सोडवत, त्यामुळे अपूर्णांकांचा गुणाकारसुद्धा बोटे यंत्रावर ठेवून करायची सवय लागली. इथे आमच्या उर्दू आणि मराठी शाळांची जुनी पद्धत कामाला येते. पाढे, वर्गमूळ, लांब भागाकार हे सगळे वहीवर. उर्दू माध्यमात ज्याला आपण रियाजी म्हणतो ती या मुलांना घरातले दादा-दादीही शिकवू शकतात, त्यासाठी ताशी हजार मोजायची गरज नाही.

केंब्रिजला बालभारतीसारखे एकच ठरलेले पुस्तक नसते. अभ्यासक्रम आणि बऱ्याच जुन्या प्रश्नपत्रिका, गुण कसे द्यायचे त्या तक्त्यांसह, केंब्रिजच्या वेबसाइटवर मोफत मिळतात. उत्तर चुकले तरी रीत बरोबर असेल तर गुण मिळतात, हे त्या तक्त्यांवरून कळते. नुसते उत्तर पाठ करून घेणारा शिक्षक इथे उपयोगाचा नाही. ट्यूशनवाल्याला पहिल्या दिवशी एवढेच विचारावे, की तुम्ही शेवटची प्रश्नपत्रिका कोणत्या वर्षाची सोडवून घेतली? त्याच्या उत्तरावरून बरेच समजते.

अकरावी-बारावीला आयबी डिप्लोमा घेतला तर निवड आणखी अवघड होते. तिथे गणिताचे दोन वेगळे विषय आहेत. एकात बीजगणित आणि कलन जास्त, दुसऱ्यात संख्याशास्त्र आणि व्यवहारातला वापर जास्त. प्रत्येकाचे पुन्हा दोन स्तर. परदेशात इंजिनिअरिंगला जायचे असेल तर अनेक विद्यापीठे वरचा स्तरच मागतात. शिवाय २० टक्के गुण एका लेखी प्रकल्पाला असतात, जो मुलाने स्वतः करायचा असतो. 'प्रकल्प लिहून देतो' म्हणणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. आमचे स्पष्ट मत आहे की ही शिकवणी नाही, ही लबाडी आहे. पकडले गेले तर डिप्लोमा मुलाचा जातो, लिहून देणाऱ्याचे काहीच जात नाही.

इथेच राहून इंजिनिअरिंग करायचे असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. एमएचटी-सीईटीत राज्याच्या बारावीच्या अभ्यासक्रमाला ८० टक्के आणि अकरावीला २० टक्के वजन असते. पन्नास प्रश्न, नव्वद मिनिटे. पायरी-पायरीने सोडवायची सवय असलेले केंब्रिजचे मूल इथे वेगात मागे पडते. मग तिसरी ट्यूशन, सीईटीच्या क्लासची.

आता शिक्षकांकडे येऊ, म्हणजे आमच्याच बिरादरीकडे. शिक्षण हक्क कायदा २००९ चे कलम २८ सांगते की शाळेतल्या शिक्षकाने खासगी शिकवणी घेऊ नये. तरी सकाळी वर्गात शिकवायचे आणि संध्याकाळी त्याच वर्गातल्या मुलांना घरी बोलवायचे, हे चालते. वर्गात अर्धे सांगितले की उरलेले अर्धे विकता येते. केंद्राने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण त्या पन्नासपेक्षा जास्त विद्यार्थी असलेल्या केंद्रांसाठी आहेत. घरातल्या खोलीत चार मुले घेऊन बसणाऱ्याला त्या लागूच होत नाहीत.

दुबई-शारजाहमध्ये रत्नागिरी-रायगडची आपली किती कुटुंबे राहतात! तिथल्या सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये वेगळी वाट काढली. खासगी शिकवणी घेणाऱ्यांना परवाना द्यायला सुरुवात केली, तोही मोफत, पण आचारसंहितेवर सही घेऊन. शाळेतले शिक्षकही तो मागू शकतात. चोरून शिकवण्यापेक्षा नावनिशी शिकवणे बरे, असा त्यामागचा विचार दिसतो. आपल्याकडे कागदावर पूर्ण बंदी आणि गल्लीत पूर्ण मोकळीक.

मुंबई महापालिकेने २०२२ मध्ये माटुंग्याला केंब्रिजची आणि विलेपार्ल्याला आयबीची शाळा सुरू केली. तिथे रिक्षावाल्याचे, घरकाम करणाऱ्या बाईचे मूलही हा अभ्यासक्रम शिकते. त्याच्याकडे बारा हजार नाहीत. त्या मुलाचे गणित शाळेच्या तासातच पक्के व्हायला हवे, दुसरा रस्ता नाही. मग लाखभर फी घेणाऱ्या शाळेला हे का जमू नये, हे पालकसभेत उभे राहून विचारायला काय हरकत आहे?

आपल्या वस्त्यांत बीएस्सी, एमएस्सी गणित झालेल्या मुली घरी बसून आहेत. दुबई-शारजाहची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे इथे संध्याकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा तिथे मुले शाळेतून येऊन, जेवून चार वाजता मोकळी होतात. या मुलींनी ०५८० चा अभ्यासक्रम नीट वाचला, पाच वर्षांचे पेपर स्वतः सोडवले, तर तिथल्या आणि इथल्या मुलांना रास्त दरात शिकवता येईल. एखाद्या जमातीच्या किंवा मशिदीच्या हॉलमध्ये रविवारी असा वर्ग सुरू करायला फळा आणि एक शिकवणारी लागते.

भारतातल्या शाळांसाठी केंब्रिजची परीक्षा मार्चमध्येही होते आणि तिचे अर्ज शाळा काही महिने आधीच पाठवते. तेव्हा आपले मूल कोअरमध्ये आहे की एक्स्टेंडेडमध्ये, हे दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेकडून लेखी घ्या. ट्यूशनचे त्यानंतर बघू.