शिळ्या अहवालाची किंमत

मिरकरवाड्याच्या बंदरावर पहाटे उतरलेल्या सुरमईला जो भाव मिळतो तो दुपारी मिळत नाही, हे रत्नागिरीकरांस सांगावयास अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची आवश्यकता नाही. नाशवंत मालाचे मोल तासागणिक घटते, म्हणूनच मासळीसाठी बर्फ आणि आंब्यासाठी रातोरात वाशीकडे धावणारे ट्रक अशी व्यवस्था आपण उभी केली आहे. परंतु याहूनही नाशवंत अशी एक वस्तू या जिल्ह्यात नित्य तयार होते आणि ती वेळेवर पोहोचविण्याची चिंता मात्र कोणी वाहत नाही. ती वस्तू म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या रक्ततपासणीचा अहवाल.

वॉरफॅरिन किंवा आपल्याकडे बऱ्याच प्रचारात असलेली असिनोकूमॅरॉल ही गोळी ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसविली आहे त्यांना जन्मभर घ्यावी लागते. तिचा इतिहास बोलका आहे. कुजलेला चारा खाऊन अमेरिकेतील गुरे रक्तस्रावाने का मरतात, या शोधातून वॉरफॅरिन निघाले. १९४८ मध्ये ते उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. विष आणि औषध यांतील अंतर येथे केवळ मात्रेचे आहे, आणि ती मात्रा योग्य आहे की नाही हे रक्ततपासणीवाचून कळण्याचा मार्ग नाही. या तपासणीचा आय. एन. आर. हा आकडा निरोगी माणसात एकच्या आसपास असतो. गोळी घेणाऱ्यात तो सामान्यतः २ ते ३ आणि मिट्रल जागी धातूची झडप असल्यास २.५ ते ३.५ असावा लागतो. तो खाली घसरला तर झडपेवर गुठळी धरते किंवा पक्षाघात होतो. फार वर गेला तर पोटात किंवा मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती असते.

हा आकडा एकदा बसला म्हणजे बसला, असेही नाही. पावसाळ्यात आपल्या घरोघरी टाकळा, कुर्डू, शेवग्याचा पाला यांच्या भाज्या होतात. अशा हिरव्या पाल्यातील के जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करते. उलट खोकल्यासाठी घेतलेली एखादी प्रतिजैविक गोळी तोच आकडा भलताच चढविते. शिवाय मात्रा बदलल्याचा परिणाम दिसू लागण्यास दोनतीन दिवस लागतात. म्हणजे आजचा आकडा हा परवाच्या मात्रेचा हिशेब असतो. अर्थशास्त्रात ज्याला कालविलंब म्हणतात तो या औषधात मुळातच आहे. त्यात अहवालाच्या विलंबाची भर पडली की डॉक्टर आजच्या रुग्णावर गेल्या आठवड्यातील माहितीच्या आधारे उपचार करू लागतो.

हे लिहिण्यास घरचेच निमित्त घडले. माझ्या थोरल्या वहिनी लांजा तालुक्यातील एका खेड्यात राहतात. काही वर्षांपूर्वी त्यांची झडप बदलली. गेल्या पावसाळ्यात तापखोकल्यावर औषध घेतल्यानंतर त्यांनी शुक्रवारी सकाळी तपासणीसाठी रक्त दिले. नमुना शहरात गेला. शनिवारी चौकशी केली तेव्हा ‘अहवाल सोमवारी’ असे उत्तर मिळाले. रविवारी दात घासताना हिरड्यांतून रक्त येऊ लागले ते थांबेना. सोमवारी संध्याकाळी कागद हाती आला. आकडा होता ६.८. डॉक्टरांनी तत्काळ गोळी बंद करून उतारा दिला आणि सुदैवाने निभावले. परंतु त्याच कागदाच्या कोपऱ्यात तपासणीची वेळ छापलेली होती: शनिवार, दुपारी १२ वाजून ४० मिनिटे. म्हणजे दोन दिवसांहून अधिक काळ ही माहिती अस्तित्वात होती, आणि त्या काळात वहिनी निष्ठेने रोजची गोळी घेत होत्या.

या घटनेतील दोष अंतराचा नाही. योग्य नळीत घेतलेले रक्त या तपासणीसाठी २४ तास टिकते. तेवढ्या अवधीत मंडणगडचा नमुना रत्नागिरीस पोहोचू शकतो. दोष यंत्राचाही नाही. यंत्राने आपले काम केले होते. दोष आहे तो अहवाल म्हणजे केवळ नेण्याचा कागद, या समजुतीचा. मोबाइलच्या काळात ही अडचण उरली नाही, असे कोणी म्हणेल. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. कर्ते पुरुष मुंबईस असण्याची आपली जुनी रीत या आकड्यातून दिसते. गावातील म्हाताऱ्या आईच्या नावापुढे विरारच्या मुलाचा क्रमांक लिहिलेला असतो. संदेश त्याच्याकडे जातो, गोळीची डबी मात्र तिच्या उशाशी असते. आकडा पोहोचला म्हणजे निर्णय पोहोचला असे होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, आता तपासणी न लागणारी नवी औषधे आली आहेत. ती आली आहेत आणि अनेकांना उपयुक्तही आहेत. परंतु धातूच्या झडपेच्या रुग्णांवर त्यांतील एकाचा प्रयोग २०१३ पूर्वीच थांबवावा लागला, कारण गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढले. संधिज्वराने झडप आकसून हृदयाची लय बिघडलेल्या रुग्णांतही जुन्याच गोळ्या सरस ठरल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने दाखविले. संधिज्वर हा बव्हंशी गरिबांचा आजार. तेव्हा ज्यांना जुन्या गोळीवाचून पर्याय नाही त्यांत खेड्यातील गरीब माणसे अधिक असणार, हे उघड आहे.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून गरिबांच्या झडपा बदलल्या जातात. त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेने घडविलेली स्वदेशी झडप १९९० पासून वापरात आहे. परंतु धरण बांधावे आणि कालव्याच्या डागडुजीस पैसा ठेवू नये, असा आपला जुना परिपाठ येथेही दिसतो. भांडवली खर्चाचे उद्घाटन होते, आवर्ती खर्चाचे होत नाही. आणि झडपेचे आयुष्य तर सर्वस्वी या आवर्ती खर्चावरच अवलंबून असते.

मागण्या मोठ्या नाहीत. या तपासणीचा अहवाल नमुना घेतल्याच्या दिवशीच, निदान चोवीस तासांच्या आत दिला जावा, मग मध्ये रविवार येवो की सण. धोक्याचा आकडा आढळताच प्रयोगशाळेने डॉक्टरांस आणि रुग्णाच्या घरी दूरध्वनी करावा व केल्याची नोंद ठेवावी. मान्यताप्राप्त प्रयोगशाळांच्या आंतरराष्ट्रीय मानकांत हे बंधन आहेच, ते सर्वांनाच लागू करावे. बोटाच्या एका थेंबावर काही मिनिटांत आकडा सांगणारे छोटे यंत्र प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात असावे आणि त्यासाठी आठवड्याचा एक वार ठरवावा, म्हणजे रुग्ण आकडा व नवी मात्रा दोन्ही घेऊनच एस. टी. त बसेल. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याने या रुग्णांची जिल्हावार नोंदवही ठेवण्याचे काम हाती घ्यावे.

मासळी शिळी झाली तर कोळ्याचे नुकसान होते आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा समुद्रावर जातो. अहवाल शिळा झाला तर त्याची किंमत प्रयोगशाळेला द्यावी लागत नाही, शासनालाही लागत नाही. जिला ती द्यावी लागते ती बाई आज रात्रीही जेवणानंतर ठरलेली गोळी घेईल. ती गोळी घ्यावी की न घ्यावी, हे तिला आजच कळले पाहिजे.