बांबोळीला हलवा!

आपल्या करदात्याच्या पैशावर परक्यांचे लाड का करायचे, हा गोव्याचा प्रश्न रास्त आहे. गोव्याला लागून असलेल्या, पण महाराष्ट्रातल्या दोडामार्गात राहून मी तो मान्य करतो. फक्त हिशेब पुरता मांडा, अर्धा नको.

१ जानेवारी २०१८ पासून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात बिगरगोमंतकीयांना उपचारांचं शुल्क लागू झालं, गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या दराच्या २० टक्के. त्याच्या सहाच महिने आधी, १ जुलै २०१७ ला, देशभर एकच बाजारपेठ म्हणून जीएसटी वाजतगाजत आला होता. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूवरच्या या करातला राज्याचा वाटा सहसा त्या दुकानाच्या राज्याला जातो. आता आम्ही खरेदीला जातो कुठे? म्हापशाला, नाहीतर डिचोलीला. चतुर्थीचं सामान, लग्नाचे कपडे, फ्रिज, मोबाइल, सगळं तिथलं. पेट्रोल गोव्यात स्वस्त, म्हणून टाकीही तिथेच भरायची, आणि तिच्यावरचा व्हॅट पणजीच्या तिजोरीत. म्हणजे दुकानात आम्ही गोव्याचे करदाते, पंपावरही करदाते, आणि केसपेपरच्या खिडकीशी आधार कार्ड पुढे केलं की भायले, म्हणजे बाहेरचे!

कर तर पर्यटकही भरतो, असं कोणी म्हणेल. भरतो आणि चार दिवसांत जातो. आमची पोरं रोज सकाळी मोटारसायकलला किक मारून गोव्यात करासवाड्याला, तुयेला कामाला जातात. २०२० च्या टाळेबंदीत सीमेवरचा नाका बंद झाला, तेव्हा ही पोरं घरी बसली. त्यांच्या घामाला रहिवासी दाखला लागत नाही, तापाला लागतो.

महाराष्ट्र आणि गोव्याच्या संयुक्त तिळारी धरणाचं रडगाणं मी गाणार नाही. शिरंगे, पाल, पाट्ये, सरगवे ही गावं धरणाखाली गेली हे खरं, पण खर्चाचा ७३.३० टक्के वाटा गोव्याने उचलला हेही तितकंच खरं. पाणी त्यांनी पैसे मोजून घेतलंय. कालवा फुटला की बार्देशच्या नळांना कोरड पडते, इतकी त्यांना त्याची गरज. मग एवढी गरजू पार्टी समोर बसलेली असताना बांबोळीतल्या चार खाटा करारात लिहून घ्यायचं आमच्या मुंबईकर साहेबांना का सुचलं नाही?

माझा खरा राग इथेच आहे. १९९९ मध्ये आम्हाला स्वतंत्र तालुका दिला. तालुक्याला ग्रामीण रुग्णालयही आहे. त्यात सर्वाधिक लिहून दिलं जाणारं औषध म्हणजे ‘बांबोळीला हलवा’. शुल्काचा दणका बसल्यावर २०१८ मध्ये लोक ‘आरोग्याचा जनआक्रोश’ म्हणत रस्त्यावर बसले. त्यांना मिळालं काय, तर महाराष्ट्राची महात्मा फुले आरोग्य योजना बांबोळीत चालेल असा तोडगा. म्हणजे आजारी पडायचं ते पुन्हा गोव्यातच, फक्त कागद महाराष्ट्राचे! सावंतवाडीच्या मल्टिस्पेशालिटी रुग्णालयाचं भूमिपूजन झालं आणि ते जागेच्या वादात अडकलं. ओरोसला २०२१ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं, चांगलंच झालं. पण रात्री साप चावलेल्या माणसाला कुठल्या दिशेला न्यायचं, हे अजून अँब्युलन्सचा ड्रायव्हरच ठरवतो.

यावर वैतागून काहीजण ‘दोडामार्ग गोव्यात घाला’ म्हणतात. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्र अख्खा गोवा पोटात घ्यायला निघाला होता. गोव्याने चौतीस हजारांच्या मताधिक्याने नकार दिला. त्याच महाराष्ट्राचा एक तालुका आज गोव्याच्या दारात पदर पसरतोय, आणि मंत्रालयात कुणाच्या चहाच्या कपात तरंगही उठत नाही. अर्थात आम्हीही काही धुतल्या तांदळासारखे नाही. २००८ मध्ये मुंबईत उत्तर भारतीय टॅक्सीवाले मार खात होते, तेव्हा ‘आमच्या सोयी आमच्यासाठी’ हे आम्हाला भारी पटलं होतं. बांबोळीच्या खिडकीतून तेच वाक्य ऐकू आलं की मात्र अन्याय!

म्हणून विलीनीकरण नको आणि शुल्कमाफीची भीकही नको. आमच्या प्रत्येक रुग्णावर झालेला खर्च गोव्याने पै न पै मोजावा. त्यातून आमच्या खरेदीचा आणि पेट्रोलचा कर वजा करावा, आणि उरलेलं बिल स्ट्रेचरशेजारी उभ्या असलेल्या आईच्या हातात न देता थेट मंत्रालयात पाठवावं. पिनकोड ४०००३२.