‘हो, पण मूळचे कुठले?’

ओळख झाली की गाव विचारायचे, ही आपली जुनी रीत. एसटीत शेजारी बसलेला माणूस दहा मिनिटांत ‘गाव कोणतं?’ म्हणतो, आपण संगमेश्वर सांगितले की त्याची बहीण देवरुखला दिलेली निघते आणि प्रवास बरा होतो. या विचारण्यात बहुतेकदा जिव्हाळाच असतो. कधी त्याआडून जात काढून घ्यायची असते. आडनावावरून नीट अंदाज आला नाही की गाव, गावावरून आला नाही की आळी. शहरात भाड्याने खोली शोधणाऱ्या दलित आणि मुस्लिम कुटुंबांना ही उलटतपासणी पाठ झालेली आहे. पण आणखी एक प्रकार आहे आणि तो ओळखायला सोपा आहे. त्यात उत्तर मिळाल्यावरही प्रश्न संपत नाही. समोरचा माणूस कोहिमा म्हणतो, इम्फाळ म्हणतो, इटानगर म्हणतो आणि विचारणारा पुन्हा विचारतो, ‘हो, पण मूळचे कुठले?’ पहिल्या प्रश्नात माहिती हवी असते. दुसऱ्यांदा विचारताना समोरच्याचे उत्तर नाकारलेले असते.

एका प्राचीन लेणीच्या तिकीट खिडकीवर हे मी जवळून पाहिले. अशा मोठ्या स्मारकांना भारतीयांसाठी 40 आणि परदेशी पर्यटकांसाठी 600 रुपये असा दर असतो. रांगेत माझ्यापुढे चार मुली होत्या, पुण्यात नर्सिंग शिकणाऱ्या, मणिपूरच्या. ‘भैया, चार टिकट.’ आतल्या माणसाने मान वर करून पाहिले आणि परदेशी पर्यटकांच्या खिडकीकडे बोट दाखवले. ‘हम इंडियन हैं, मणिपूर से.’ ‘ते ठीक आहे, पण मूळ कुठले? आधार दाखवा.’ त्याचा आवाज चढलेला नव्हता, तो उद्धटही नव्हता. माझे लक्ष वेधले ते पुढच्या गोष्टीने. एका मुलीच्या मोबाइलवर चौघींची आधार कार्डे आधीच उघडलेली होती. हे होणार, हे त्यांना ठाऊक होते. त्यांच्या मागे आम्ही उभे होतो, आम्हाला कोणी काही विचारले नाही. आपल्याच देशात फिरताना पुरावा हातात धरून रांगेत उभे राहायचे, ही सवय विशीतल्या मुलींना लागते, ती अशा शेकडो खिडक्यांवर.

जुलै 2016 मध्ये दिल्लीच्या विमानतळावर मणिपूरच्याच एका तरुणीला इमिग्रेशनच्या अधिकाऱ्याने, तू खरोखर भारतीय आहेस का, असे म्हणत भारतात राज्ये किती, मणिपूरला कोणत्या राज्यांच्या सीमा लागतात, असे प्रश्न घातले. तिच्या हातात भारत सरकारनेच दिलेला पासपोर्ट होता. प्रकरण गाजल्यावर तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी दिलगिरी व्यक्त केली. मणिपूरला नागालँड, आसाम आणि मिझोराम या तीन राज्यांच्या सीमा लागतात. हे उत्तर किती मराठी माणसांना देता येईल? आणि ते आले नाही म्हणून आपल्यापैकी कोणाचे भारतीयत्व कधी अडले आहे का?

ज्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, त्यांनी आपल्याच कोकणातल्या माणसांचे काय झाले ते पाहावे. बेने इस्रायल ही पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातली ज्यू मंडळी. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि त्यातून वाचलेल्यांचे आपण वंशज, ही त्यांची परंपरा. ती तेलाचे घाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. पेणकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे, मराठी ही त्यांची घरची भाषा. 1948 नंतर त्यांच्यातले बहुसंख्य इस्रायलला गेले, आपल्या माणसांत गेलो या भावनेने. तिथे 1962 मध्ये मुख्य धर्मपीठाने आदेश काढला, की बेने इस्रायल व्यक्तीचे दुसऱ्या ज्यू समाजात लग्न नोंदवण्याआधी तिच्या आईच्या बाजूची वंशावळ जितकी मागे जाता येईल तितकी तपासावी. म्हणजे तुम्ही ज्यू म्हणवता ते ठीक, पण मूळचे कोण? कोकणातल्या खेड्यांत राहिलेल्या लोकांनी पणजीच्या पणजीचा दाखला कुठून आणायचा? दोन वर्षे निदर्शने झाली, माणसे जेरुसलेममध्ये ठिय्या देऊन बसली. ऑगस्ट 1964 मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारला आणि संसदेला, हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत, असे जाहीर करावे लागले आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचे नाव काढावे लागले. ज्यांनी शेकडो वर्षे शनिवार पाळला, त्यांची धर्मनिष्ठा त्या नोंदणी कचेरीत पुरेशी ठरली नव्हती. अशा प्रश्नाला पुरेसे उत्तर नसतेच. विचारणारा एक पिढी मागे सरकतो, मग आणखी एक.

मला भीती वाटते ती याच मागे सरकण्याची. शेजारी, दुकानदार, घरमालक विचारतात तोवर अपमान होतो. सरकार विचारू लागले की माणसे उचलली जातात. हे आपल्या देशात घडून गेले आहे.

इंग्रजांनी 1830 च्या दशकापासून आसामच्या चहासाठी चिनी कामगार आणले. त्यांच्या पुढच्या पिढ्या माकुममध्ये, शिलाँगमध्ये, दार्जिलिंगमध्ये रुजल्या. कोलकात्यातली चिनी वस्ती वेगळ्या वाटेने वाढली, सुतारकाम, चर्मोद्योग, दातांचे दवाखाने यांवर. अनेकांनी स्थानिक बायका केल्या होत्या, मुलांना आसामी, हिंदी किंवा नेपाळी येत होती, कित्येकांनी चीन पाहिलेलाही नव्हता. 20 ऑक्टोबर 1962 रोजी चीनने हल्ला केला. त्यानंतर जो कायदा झाला, त्यात भारताशी युद्ध करणाऱ्या देशाचा नागरिक स्वतः असलेला माणूस तर आलाच, पण ज्याच्या आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी कोणी कधीही त्या देशाचे नागरिक वा प्रजाजन होते, तोही आला. आजोबा! ज्याचा स्वतःचा जन्म इथला, ज्याच्या बापाचा जन्म इथला, तोही आजोबांमुळे परका ठरला. सुमारे तीन हजार माणसे, त्यांत तान्ही मुले आणि म्हातारी, आगगाड्यांत घालून राजस्थानातल्या देवलीच्या छावणीत नेली. ही तीच देवली, जिथे इंग्रजांनी जयप्रकाश नारायण आणि कॉम्रेड डांगे यांना डांबले होते. खटला कोणावर चालला नाही, कारण आरोपच नव्हता. युद्ध महिनाभरात थांबले, पण काही कुटुंबे 1967 पर्यंत अडकून होती. अनेकांना चीनला धाडले गेले. जे सुटून घरी आले, त्यांच्यातल्या कित्येकांची घरे आणि दुकाने लिलावात गेलेली होती. आज त्यांच्यापैकी अनेकांची मुले-नातवंडे कॅनडात टोरांटोच्या आसपास आहेत.

त्या वेळी देशात याविरुद्ध मोठा आवाज उठला नाही. राज्यघटना होती, न्यायालये होती, वृत्तपत्रे होती, पंतप्रधानपदी नेहरू होते. तरीही हे झाले, कारण या माणसांचे इथले असणे आधीपासूनच अर्धवट मानलेले होते. चेहऱ्यावरून परके समजण्याची सवय बाजारात आणि शाळेत तयार होती. सरकारने फक्त तिचा कायदा केला.

ती सवय मोडली आहे, असे म्हणायला जागा नाही. ऑगस्ट 2012 मध्ये अफवांचे मेसेज फिरले आणि बेंगळुरूतून ईशान्येची हजारो मुलेमुली दोन-तीन दिवसांत गुवाहाटीच्या गाड्यांत कोंबून निघून गेली. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या पुण्यात तर त्याआधी मुलांना मारहाण झाली होती, तिथूनही लोक गेले. जानेवारी 2014 मध्ये अरुणाचलचा निदो तानिया हा तरुण विद्यार्थी दिल्लीच्या लाजपत नगरात पत्ता विचारायला थांबला, त्याच्या केसांवरून आणि दिसण्यावरून टिंगल झाली, भांडण झाले, मारहाण झाली आणि तो मेला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने त्याच वर्षी अहवाल दिला. वंशावरून हिणवणे आणि मारणे यासाठी भारतीय दंड संहितेत 153 क आणि 509 अ अशी दोन नवी कलमे घालावीत, ही तिची मुख्य शिफारस होती. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर देखरेख समिती नेमायला सांगितले. दंड संहिता जाऊन 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली, सगळा कायदा नव्याने लिहिला गेला. ती दोन कलमे जुन्यात आली नाहीत आणि नव्यातही आली नाहीत. मधल्या काळात, 2020 च्या मार्चमध्ये, ईशान्येच्या याच मुलांना रस्त्यात ‘कोरोना’ म्हणून हाका मारल्या गेल्या, काहींना घरे सोडायला सांगितली गेली, आणि केंद्राला राज्यांना सूचनापत्र धाडावे लागले.

नोव्हेंबर 2025 मध्ये शांघायच्या विमानतळावर अरुणाचलच्या एका भारतीय महिलेला तासन्‌तास अडवून ठेवले गेले. अरुणाचल चीनचा भाग आहे, तेव्हा तुझा भारतीय पासपोर्ट वैध नाही, असे तिला सांगितले गेले. दिल्लीने निषेध केला, आपल्याकडे सर्वत्र संताप झाला, तो योग्यच होता. पण अरुणाचलच्या माणसाला ‘तू चिनी दिसतोस, खरा कुठला?’ असे पुण्यात विचारणारा बीजिंगचेच म्हणणे पुढे रेटतो. सीमेवर जवान ज्या दाव्याविरुद्ध उभे आहेत, तो दावा आपण आपल्या चहाच्या टपरीवर मान्य करत असतो.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बेकायदा घुसखोरी होते, मग सरकारने चौकशी करायचीच नाही का? अवश्य करावी. कागदपत्रे पाहावीत, मूळ जिल्ह्यात पडताळणी करावी, माणसाला वकील आणि न्यायाधीश मिळू द्यावा. प्रश्न आहे तो चौकशीआधीच निकाल लागण्याचा. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात काम करणारे पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी समजून पकडले गेले आणि थेट सीमेपलीकडे ढकलले गेले. ते भारतीय आहेत हे त्यांच्या राज्याने कळवल्यावर सीमा सुरक्षा दलाला त्यांना काही दिवसांत परत आणावे लागले. त्यांच्याजवळ ओळखपत्रे होती. त्यांची बोली आणि त्यांची नावे ऐकून ती खोटी मानली गेली. देवलीत आजोबा पाहिले, इथे उच्चार पाहिले. कोलकात्यातून त्यांच्यासाठी धावपळ करणारे कोणी नसते, तर ती माणसे आज कुठे असती?

मराठी माणसाने हे ऐकून ‘आपला काय संबंध’ म्हणू नये. इंदूर-बडोद्यापासून न्यू जर्सीपर्यंत आपली मुले पसरली आहेत आणि तिथे त्यांना हाच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला जातो. पण केवळ त्यासाठी नव्हे. आपल्या सोसायट्यांत, वसतिगृहांत, दवाखान्यांत ईशान्येची मुले आज राहतात आणि कामे करतात. अतिदक्षता विभागात आपल्या आईवडिलांच्या उशाशी रात्रभर उभी असणारी परिचारिका अनेकदा त्यांच्यातलीच असते. तिने इम्फाळ सांगितले तर ते इम्फाळच आहे.

गृहनिर्माण संस्थांनी भाडेकरूंचे जे नियम सगळ्यांना आहेत, तेच त्यांना लावावेत, एकही कागद जास्त मागू नये. महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी अशा तक्रारी ‘मुलांची थट्टा’ म्हणून मिटवू नयेत, लेखी घ्याव्यात. आणि महाराष्ट्रातून 48 खासदार लोकसभेत जातात. बेझबरुआ समितीने सुचवलेली कलमे न्याय संहितेत का आली नाहीत आणि केव्हा येणार, हा प्रश्न त्यांच्यापैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात लेखी विचारावा. तो विचारला जावा यासाठी वाचकांनी आपापल्या खासदाराला पत्र लिहावे.