कवचावरून कूळ ठरते काय?

मस्कत येथे सर्जन असलेल्या आत्माराम जयकरांचे नाव १९०० साली ज्या समुद्रघोड्यास दिले गेले, तो तांबड्या समुद्रातही आढळतो. त्याचे कूळ कोणते? पुष्कळ वर्षे त्याला स्टिकलबॅक माशाच्या गणात बसविले जाई. दोघांच्याही अंगावर हाडांच्या पट्टांचे कवच, हा त्यास एक मोठा आधार. जनुकांच्या अभ्यासाने ही सोयरीक मोडली. आता समुद्रघोड्याच्या आप्तांत खवल्यांचा, कवच मुळीच नसलेला गोटफिश मोजला जातो. स्टिकलबॅक दूर गेला. कवच दोन घराण्यांत निरनिराळे उपजले, असा त्याचा अर्थ. असे असता जुने कोष्टक मुलांकडून घोकून घेणे आम्हां शिक्षकांस शोभत नाही. गणाचे नाव चुकले, पण पुरावा नीट सांगितला, अशा विद्यार्थ्यास आम्ही गुण देऊ.