मोका पॉटची 'परंपरा' आणि जायफळाची कॉफी

जायफळ घालून पातेल्यात उकळलेली कॉफी ही कॉफीच नव्हे, अस्सल परंपरा इटलीच्या मोका पॉटची, असा शेरा हल्ली सर्रास ऐकू येतो. इतिहासाच्या अभ्यासकांनी तो निमूटपणे का ऐकून घ्यावा?

ही 'परंपरा' १९३३ची! अल्फोन्सो बियालेत्तीने हे ॲल्युमिनियमचे अष्टकोनी भांडे आणले ते मुसोलिनीच्या राजवटीत; स्वावलंबनाच्या नावाखाली ॲल्युमिनियम 'राष्ट्रीय धातू' म्हणून मिरवला जात होता तेव्हा. ते घरोघरी पोहोचले दुसऱ्या महायुद्धानंतर, मुलगा रेनातो याच्या जाहिरातींच्या धडाक्याने.

रचना चतुर आहे, हे मान्य. खालच्या पात्रात कोंडलेली हवा आणि वाफ तापून प्रसरण पावते व पाण्याला नळीतून, कॉफीच्या भुकटीतून वर ढकलते. पण हा दाब जेमतेम एक-दोन बार. एस्प्रेसोला सुमारे नऊ लागतात. 'घरच्या घरी एस्प्रेसो' ही जाहिरात होती, भौतिकशास्त्र नव्हे.

याउलट भुकटी पाण्यात उकळण्याची रीत मोका पॉटहून कित्येक शतके जुनी. तुर्की कॉफी तशीच होते. जायफळही मूळचे बांदा बेटांचे. (शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे.) आज ते कोकणातल्या नारळी-पोफळीच्या बागांत रुजले आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण सुगंधा' ही त्याची जातही दिली.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात मोका पॉट विराजमान आहे. आपल्या पातेल्याची साधी नोंदही आपण केलेली नाही. वेळणेश्वरला गेलात तर समुद्राची छायाचित्रे काढून झाल्यावर एखाद्या आजींना विचारा: घरात कॉफी कधी आली, भुकटी कोठून येई, जायफळ कोणाच्या वाडीतले? आणि उत्तर तारखेसह लिहून ठेवा.