तबकडीला स्पिरिट नको

कोलकात्याच्या पोस्टिंगमध्ये दमट हवेने माझ्या तबकड्यांना बुरशी लागली. जो तो सांगे, "स्पिरिटने पूस." एलपी व्हिनाइलची, तिचं एकवेळ निभतं, पण 78 आरपीएमची तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटात विरघळते. ग्रामोफोन कंपनीने 1908 मध्ये याच शहरात, सियालदहला, कारखाना काढला. त्या काळच्या गाण्याची दुसरी प्रत आज मिळेलच असं नाही.

डिस्टिल्ड वॉटर, त्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरे. खाचांच्या दिशेने गोल पुसा, आडवं नको. लेबल कोरडं ठेवा. रायफलला फुलत्रू मारताना असतो तो धीर इथेही हवा. थोडी खरखर उरली तर उरू द्या. गेलेला आवाज परत येत नाही.